गाडलेल्या पाईपवर सही कुणाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय. जागा नसेल तर पुढचं-मागचं कापा, पण त्या लॉजच्या बोअरच्या गोष्टीला तेवढी कात्री लावू नका, जमिनीच्या उष्णतेवर चालणारं मशीन बसवणाऱ्यांची आधी परीक्षा घ्या, हे सगळं म्हणणं त्यातच आहे.

मी बेळगावच्या शहापुरात २८ वर्षं झाली फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान चालवतोय. शिक्षण म्हणाल तर आयटीआय, रेफ्रिजरेशनचा ट्रेड, बाकीचं सगळं हात भाजून शिकलेलं. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं २०२५ च्या सप्टेंबरात भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण काढलं, त्यात गरम झऱ्यांवरची वीज एवढंच नाही तर जमिनीच्या उष्णतेवर चालणारे हीट पंप पण धरलेत, आणि तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी दुकानात कुणीतरी येऊन विचारतंय की हे जिओथर्मल काय प्रकरण आहे. निम्म्या लोकांना वाटतं गरम पाण्याचे झरे पाहिजेत. एक जण तर म्हणाला, आपल्याकडं कुठलं हो, ते तिकडं कोकणात तुरळ-राजवाडीला नाहीतर वज्रेश्वरीला.

तसं नाहीये ते. झऱ्याची गरजच नाही. माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं, घरामागं विहीर. डिसेंबरात पहाटे पोहऱ्यानं पाणी काढलं की त्यातून वाफा निघायच्या आणि अंगावर कोमट लागायचं, आणि तीच विहीर एप्रिलात दुपारी पाय सोडून बसलं की गार. लहानपणी वाटायचं विहीर बदलते. विहीर कुठली बदलतीय, बदलते ती वरची हवा. तीस-चाळीस फुटांखाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ तेवढंच राहतं, गावाच्या वर्षाच्या सरासरी हवेइतकं, म्हणजे बेळगावात धरा २५ च्या आसपास. हीट पंप म्हणजे आपला फ्रिजच, फक्त फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात टाकतो आणि हा पंप ती जमिनीत टाकतो, किंवा उलट फिरवला तर जमिनीतली उष्णता काढून आंघोळीच्या पाण्याला देतो. साध्या गिझरला १ युनिट विजेत १ युनिटच उष्णता मिळते, ह्यात ३ ते ४ मिळते. जमिनीत बोअर मारून काळा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाईप यू आकारात सोडायचा, त्यातनं पाणी फिरत राहतं, ते पाणी ना वर येऊन सांडतं ना जमिनीत जातं, बंद चक्कर. एवढंच आहे ते. चांगलं मशीन आहे, मी त्याच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो, नाहीतर लोक म्हणतील एसीवाल्याच्या पोटात दुखूलालंय.

आता गोष्ट. खानापूर रोडला माझ्या मामेभावाचं १४ खोल्यांचं लॉज आहे. त्याला बाहेरच्या एका पार्टीनं (नाव घेत नाही, वाद वाढवायचा नाहीये) १० टनाची सिस्टीम विकली, उन्हाळ्यात खोल्या थंड आणि बारा महिने गरम पाणी, विजेचं बिल निम्म्याच्या खाली. मला विचारलं नाही, का तर मी म्हणे प्रत्येक गोष्टीत खोड काढतो. बोअरची गाडी आली तमिळनाडूची, तिरुचेंगोडची, आपल्याकडं बहुतेक गाड्या तिकडच्याच. आणि भावानं काय केलं असेल? नारळ हातावर ठेवून पॉइंट दाखवणाऱ्याला बोलावलं! पाण्याचा बोअरच नाहीये हा, पण बोअर म्हणलं की पॉइंट, ही आमची सवय. तर नारळ जिथं उभा राहिला तिथंच सगळे सहा बोअर, एकमेकांपासून आठ-आठ फुटांवर, प्रत्येकी २०० फूट. तिसऱ्या बोअरला पाणी लागलं. गाडीवाली पोरं ओरडली, भाऊ पण ओरडला, पेढे वाटले. ज्या भोकात पाईप सोडून ते कायमचं बुजवायचं त्या भोकाला पाणी लागल्याचे पेढे मी स्वतः खाल्लेत.

मी पोचलो तेव्हा पाईप सोडायचं काम चाललं होतं. खालच्या टोकाला यू बेंड, कंपनीत वितळवून जोडलेला यायला पाहिजे, तो इथं जागेवर बसवलेला, दोन्हीकडं क्लिप आवळून. वजन म्हणून सुतळीनं बांधलेला धोंडा. पाईप सोडून झाला की गाडीनं उडवलेला जो दगडाचा चुरा असतो तो फावड्यानं वरनं भोकात लोटायचा, आणि वरचे दहा फूट लाल माती. मी म्हणलं, "अरे हे काय करूलालाय, ग्राऊट कुठाय?" (ग्राऊट म्हणजे पाईपभोवतीची फट तळापासून घट्ट बुजवायचा चिकणमाती-सिमेंटचा गारा.) तर तो पोरगा, चांगला होता बिचारा, म्हणाला, "काका, आम्हाला भोक आणि पाईप एवढंच सांगितलंय." केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून वरच्या भागात घालतात तो पाईप, २० फूट होतं, तेही केसिंग आणि मातीच्या मधली फट उघडीच. आणि तिथनं १५ फुटांवर लॉजचा शोषखड्डा.

पहिला पावसाळा. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनच्या शेवटी शेजारच्या काकूंच्या विहिरीला आधी लाल पाणी आलं, मग वास यायला लागला. ती विहीर घरात प्यायला वापरायचे. वरचं मातीतलं आणि शोषखड्ड्यातलं पाणी त्या सहा भोकांतल्या चुऱ्यातनं सरळ खाली उतरून विहिरीला मिळालं, त्याला गाळायला वाटेत काही नाही. दुसऱ्या एप्रिलात मशीन बंद पडायला लागलं, हाय प्रेशरवर ट्रिप. भावानं शेवटी मला बोलावलं. जमिनीतनं परत येणाऱ्या पाण्याला थर्मामीटर लावला तर ४३! एसीची उष्णता टाकून टाकून ती जागाच तापली होती. बाहेरच्या देशांत ढोबळमानानं टनाला दीडशे-दोनशे फूट बोअर धरतात आणि आपल्यासारख्या मुळातच उबदार जमिनीत, त्यातही काम जास्त करून थंड करायचं असेल तर त्याहून जास्त लागतो. इथं टनाला १२० फूट पडला, बोअर एकमेकाला चिकटून, आणि पाईपच्या भोवती सैल चुरा, मधे हवा. हवेतनं उष्णता जात नाही हे तर स्वेटर घालणाऱ्यालाही कळतं.

मग सुरू झाली बोटं दाखवणं. गाडीवाला म्हणाला मी सांगितलं तेवढं फूट मारून दिलं, बिल बघा. पाईप सोडणारा म्हणाला पाईप आजही लिक नाही (एक होता, पण कुठला ते शोधणार कसं, २०० फुटांखाली). मशीनवाला म्हणाला मशीन ओके आहे, तुमची जमीन गरम आहे. आणि हे तिघेही आपापल्या जागी खरं बोलत होते, हीच तर मेख आहे. सगळ्या कामावर सही कुणाचीच नव्हती. एसी चुकीचा बसला तर मी भिंतीवरनं काढून परत बसवतो, गॅस गेला तर परत भरतो, पण हे काम एकदा बुजवलं की बुजवलं, ते बघायला देवही खाली उतरत नाही. म्हणून मला वाटतं की ह्या कामाला कार्ड, सर्टिफिकेट, परीक्षा, जे काय म्हणाल ते, काम पसरायच्या आधी पाहिजे. सोलर हीटरचं आपण उलट केलं. आधी गच्चीगच्चीवर टाक्या चढल्या आणि मग कळलं की हवेचा पाईपच न ठेवता जोडणी केली तर पाणी उतरताना टाकी डब्यासारखी आत चेपते. अशा चार टाक्या मी स्वतः उतरवल्यात. पण ती टाकी निदान डोळ्याला दिसते.

कुणी म्हणेल एका लॉजवरनं एवढं काय. बरं, मोठं उदाहरण घ्या. जर्मनीत फ्रायबुर्गजवळ श्टाउफेन नावाचं जुनं गाव आहे. २००७ साली तिथल्या नगरपालिकेनं आपली जुनी इमारत जमिनीच्या उष्णतेनं गरम करायची म्हणून सात बोअर मारले, १४० मीटरपर्यंत. खाली अॅनहायड्राइट नावाच्या खनिजाचा थर होता, त्याला पाण्याचा संपर्क झाला की त्याचं जिप्सम होतं आणि ते फुगतं. बोअरमधनं पाणी त्या थरात शिरलं आणि गाव उचलायला लागलं, सुरुवातीला महिन्याला सेंटिमीटरभर, अडीचशेच्या वर घरांना तडे. जर्मनीत, जिथं स्क्रूला पण स्टँडर्ड असतं तिथं! आपल्या काळ्या पाषाणात तसला थर नाही, तेव्हा बेळगावची घरं उचलतील म्हणून घाबरवायचं नाहीये मला. पण खालचे दोन थर एकमेकांपासून बंद ठेवायचे असतात ही अक्कल तिकडंही कमी पडली आणि आमच्या काकूंच्या विहिरीतही तीच कमी पडली.

तिकडच्या देशांनी मग, किंवा काहींनी त्याच्या आधीच, काय केलं ते थोडक्यात. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्याच्या विद्यापीठात १९८७ साली ह्याच कामाची संघटना निघाली, ती बसवणाऱ्यांना शिकवून परीक्षा घेऊन मान्यता देते. बोअरची खोली, वितळवलेले जोड, ग्राऊट, टेस्ट ह्या सगळ्याचं कॅनडा आणि अमेरिकेचं मिळून एक स्टँडर्ड आहे, सी ४४८ म्हणून. युरोपियन युनियननं २००९ च्या कायद्यात सगळ्या सदस्य देशांना सांगितलं की २०१२ संपायच्या आत उथळ भूऔष्णिक आणि हीट पंप बसवणाऱ्यांसाठी सर्टिफिकेट नाहीतर तसलीच पात्रता उपलब्ध करा. त्यातल्या दोन गोष्टी मला पटल्या. एक, हीट पंप शिकायला येणारा आधी प्लंबर नाहीतर रेफ्रिजरेशनवाला असला पाहिजे आणि पाईप कापणं, जोडणं, लिक तपासणं, थोडीफार इलेक्ट्रिकची माहिती हे त्याला येत असलं पाहिजे, म्हणजे कोरा माणूस आठ दिवसांत तयार होणार नाही. दुसरी, सर्टिफिकेटला मुदत, ठराविक काळानं परत येऊन उजळणी. माझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटवर आर-१२ गॅसच्या जमान्याचा शिक्का आहे, तो गॅस जाऊन किती वर्षं झाली, मधे आर-१३४ए आला, ४१० आला, आता आर-३२ आहे जो थोडाफार पेट घेतो आणि प्रोपेन आहे जो चांगलाच पेट घेतो, पण कागद माझा तसाच, कुणी विचारलं नाही की बाबा तुला हे नवीन येतं का.

आपल्याकडं बोअरला अगदी कायदाच नाही असं नाहीये. सुप्रीम कोर्टानं २०१० साली उघड्या बोअरवेलबद्दल नियम घालून दिले. बोअर मारायच्या १५ दिवस आधी कळवायचं, मारणाऱ्या एजन्सीची नोंदणी पाहिजे, तिथं बोर्ड, कुंपण, केसिंगभोवती सिमेंटचा चौथरा, तोंडाला झाकण, सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत बुजवायचा. कर्नाटकाचा २०११ चा भूजल कायदा पण आहे. आणि हे सगळं कागदावर असताना २०१७ च्या एप्रिलात अथणी तालुक्यात झुंजरवाडला सहा वर्षांची पोर उघड्या बोअरमध्ये पडली. दोन-तीन दिवस सगळा जिल्हा टीव्हीसमोर बसून होता. वाचली नाही. मी त्या वेळी अथणीला एका कोल्ड स्टोरेजच्या कामावर होतो, परत येताना रस्त्याच्या कडेला शेतात बघत आलो तर पोतं टाकून, धोंडा ठेवून झाकलेले बोअर मोजता येईनात. तेव्हा नियम असणं आणि हाताला सवय असणं ह्यातलं अंतर मला कुणी शिकवायला नको.

आणि आता पुढचं जुगाड मला आजच दिसतंय. अथणी, कागवाड, चिकोडी भागात फेल गेलेले बोअर ढिगानं पडलेत. कुणीतरी हुशार निघणार आणि म्हणणार, नवीन बोअरचा खर्च कशाला, फेल बोअरमध्येच पाईप सोडू की. ऐकायला बरं वाटतं. तांत्रिकदृष्ट्या करता पण येतं, पण कोरड्या भोकात नुसता पाईप लोंबकळत ठेवला तर उष्णता जाणार कुठं, आणि नीट ग्राऊट न करता मधेच सोडलं तर खालचं खारं पाणी आणि वरचं गोडं पाणी एक व्हायचा रस्ता तसाच उघडा. हे कुणी करायचं, करू द्यायचं का, केलं तर कसं बुजवायचं हे परीक्षेतला प्रश्न म्हणून आलं पाहिजे. आपला इथला प्रश्न पाहिजे, ओक्लाहोमाचा नको.

दगडाचंही तसंच. बेळगाव, खानापूरचा बराच भाग, निपाणी इकडं वर जांभा नाहीतर मुरूम आणि खाली काळा दगड, मधे मधे तांबड्या मातीचे पट्टे जिथं भोक ढासळतं, हे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत आहे. गोकाकला जा, धबधबा ज्यावरनं पडतो तो दगड वेगळाच, वाळूचा, गारेसारखा कठीण, बिट (गाडीचं भोक पाडणारं टोक) खाऊन टाकतो. पण तोच गारेचा दगड उष्णता काळ्या दगडाच्या दुप्पट-तिप्पट वेगानं नेतो. म्हणजे तेच मशीन, तेवढ्याच खोल्या, पण गोकाकला बोअर कमी लागेल आणि बेळगावला जास्त. गाडीवाल्यानं ४० वर्षं बिटवर जो दगड ओळखलाय तो त्याचं खरं भांडवल आहे, फक्त त्याला कुणी सांगितलं नाही की ह्या ओळखीचा उपयोग उष्णतेच्या हिशोबातही होतो. मोठं काम असेल तर एक बोअर आधी मारून त्यात दोन दिवस ठराविक उष्णता सोडून पाणी किती तापतं ते मोजायचं असतं, त्यावरनं बाकीचे बोअर किती खोल ते ठरवायचं. लॉजच्या कामाला हे केलं असतं तर नारळवाल्याची फी वाचली असती.

माझं म्हणणं असं आहे की एकाच माणसाला सगळं यायला पाहिजे असं सर्टिफिकेट काढू नका, तसा माणूस सापडणार नाही आणि सापडला तरी तो बेंगलोरला जाईल. भोक मारणारा वेगळा, पाईप वितळवून जोडणारा आणि ग्राऊट करणारा वेगळा, मशीन आणि गॅस बघणारा वेगळा, प्रत्येकाला त्याच्या कामाचं कार्ड. पण ह्या सगळ्यांवर एक सही करणारा पाहिजे, ज्याला हिशोब येतो, जो बुजवायच्या आधी जागेवर उभा असतो, आणि त्याची सही झाल्याशिवाय भोक बुजवायचं नाही. आणि त्या सहीखाली एक कागद, बोअर कुठं, किती फूट, कितीला कुठला दगड, कितीला पाणी, ग्राऊटच्या किती पिशव्या गेल्या, प्रेशर टेस्टला किती वेळ धरलं. एक प्रत मालकाला, एक ग्रामपंचायतीत नाहीतर महापालिकेत. उद्या माझ्यासारखा दुरुस्तीला गेला तर त्याला अंधारात चाचपायला लागू नये एवढाच स्वार्थ आहे माझा.

परीक्षा मात्र हाताची घ्या. चार पर्यायांतला एक निवडा, हे आमच्या धंद्यात चालत नाही. पाईपचे दोन तुकडे द्या, तापती प्लेट द्या, २२० अंशांच्या आसपास, आणि म्हणा जोड. टोकं तासून साफ केली का, किती वेळ टेकवलं, काढल्यावर वेळ न घालवता जोडलं का, थंड होईपर्यंत हलवलं का, हे बघा, मग तो जोड उभा चिरून वाकवा. खरा असेल तर पाईप वाकेल, जोड सुटणार नाही. आणि हे जुलैत घ्या, खानापुरात, ताडपत्री बांधून, कारण काम तसंच करायचं असतं, एसी वर्कशॉपमध्ये नाही. ग्राऊटचं पण तसंच, पारदर्शक उभी नळी लावा आणि तळापासून वर भरायला सांगा. वरनं ओतणाऱ्याचं मधेच कसं अडकतं आणि खाली पोकळी कशी राहते ते त्याला स्वतःलाच दिसेल, भाषण द्यायला नको.

ह्यातलं काहीएक बेळगावला परकं नाहीये बघा. ग्राऊटला जो बेंटोनाइट, म्हणजे पाण्यानं फुगणारी चिकणमाती, लागतो तो कच्छचा बेंटोनाइट आपल्या उद्यमबागच्या फाउंड्रीत साच्याच्या वाळूत रोज मिसळतात, त्याला किती पाणी मारायचं ते तिथल्या पोरांना हाताला कळतं. हायड्रॉलिकचं काम करणारे इथं इतके आहेत की प्रेशर टेस्ट म्हणजे काय हे त्यांना शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. एचडीपीईची जोडणी ठिबक आणि पाणीयोजनावाले करतातच. सरकारी आयटीआय आहे, रेफ्रिजरेशन, प्लंबर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड चालतात. केंद्राची हरित कामांसाठीची स्किल कौन्सिल २०१५ पासून आहे, त्याच वर्षी सोलरसाठी सूर्यमित्र म्हणून प्रशिक्षण सुरू झालं, आधीपासून काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन कार्ड द्यायची पद्धत पण कौशल्य विकास योजनेत आहे. म्हणजे भांडी सगळी घरात आहेत, चूल पेटवायची राहिलीय.

आता भाषेचं. सीमाभागात भाषा म्हणलं की लगेच दुसराच विषय सुरू होतो, तो मला इथं काढायचा नाहीये, कोर्टात २००४ पासून चाललाय तो चालू दे. माझं साधं आहे. खानापूर तालुक्यातला पोरगा मराठी शाळेत शिकलाय, बैलहोंगलचा कन्नड शाळेत, गाडीवर काम करणारा तमिळ बोलतो. ह्या तिघांची परीक्षा इंग्रजी कागदावर घेतली तर जो पोरगा इंग्रजी वाचू शकतो तो पास होईल, ज्याचा जोड पक्का आहे तो नाही. प्रश्न तोंडी विचारा, मराठीत, कन्नडमध्ये, तमिळवाल्याला तमिळमध्ये. आणि शब्द पण आमचेच ठेवा. पुस्तकात कुणीतरी भूऔष्णिक विनिमयक असं काहीतरी लिहिणार आणि आमचा पोरगा तिथंच बसणार डोकं खाजवत. जमिनीतला पाईप म्हणा की, कळतं सगळ्यांना.

दुसरं, कार्ड दोन्हीकडं चाललं पाहिजे. आमचा काळा दगड शिनोळीला संपत नाही, तसाच पुढं चंदगड, आजरा, गडहिंग्लजला जातो. इथला मेस्त्री सकाळी हलकर्णीला कामावर आणि संध्याकाळी बेळगावात घरी असतो, निपाणीवाला कोल्हापूरला. कोरोनात कोगनोळी नाक्यावर टेस्टचा कागद दाखवून दाखवून आमची जी दशा झाली ती परत नको, की कर्नाटकाचं कार्ड महाराष्ट्रात नाही आणि तिकडचं इकडं नाही. देशपातळीचं एकच काढा, तपासणी मात्र जिल्ह्यात.

ह्यावर माझ्याच दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर जोरात वाद झाला. एक जण म्हणाला, अजून एक लायसन म्हणजे अजून एक टेबल, अजून एक पाकीट, पैसे देणाऱ्याला कार्ड घरपोच मिळेल आणि तू बसशील रांगेत. खोटं कसं म्हणू? ड्रायव्हिंग लायसनचं आपण बघतोच. म्हणून तर म्हणतोय की नुसत्या माणसाचं कार्ड पुरणार नाही, कामाचा कागद पाहिजे, आणि दरवर्षी झालेल्या कामांतली काही चिठ्ठ्या टाकून उघडून बघा. ग्राऊट झालंय का, टेस्टला प्रेशर धरतंय का, परत येणारं पाणी किती तापमानाला आहे. तापमानाला पाकीट देता येत नाही. दुसरा म्हणाला, गरीब पोरांनी फी कुठनं भरायची. हा प्रश्न खरा आहे. मशीन विकणाऱ्या कंपन्यांनी भरावी असं माझं मत, त्यांचीच मशीनं चुकीच्या बोअरमुळं बदनाम होतात. आणि तिसरे आमचे एक जुने बोअरवाले मामा, गप्प बसून होते, शेवटी म्हणाले, "मला लिहिता-वाचता येत नाही, मी काय करू, गाडी विकू?" मामांना मी तिथंच सांगितलं की तुमच्यासारख्यांना शाळेत बसवायचं नाही, एका दिवसात तुमच्या हाताची परीक्षा घ्यायची, नवीन तेवढं ग्राऊटचं शिकवायचं आणि कार्ड द्यायचं. मामा हसले. पटलं का माहीत नाही.

लॉजचं पुढं काय झालं ते सांगतो, नाहीतर लोक विचारत बसतील. चार बोअरचे पाईप वर कापून बंद केले, त्यांच्या तोंडाला दहा-बारा फूट खोदून बेंटोनाइट आणि सिमेंट भरलं, शोषखड्डा लांब हलवला. काकूंची विहीर उपसली दोनदा, वास गेला, पण त्या आता नळाचंच पाणी पितात, विहिरीचं कपड्याला. त्यांनी भांडण केलं नाही, फक्त मामेभावाच्या घरी हळदीकुंकवाला जायचं सोडलं. भाऊ म्हणतो नवीन बोअर मारूया, लांब लांब, ह्या वेळी तू उभा राहा. मी म्हणलं उभा राहीन, पण हिशोब करणारा माणूस आधी आण, मला गॅसचं कळतं, जमिनीचं अर्धंच कळतं. तो माणूस अजून सापडला नाही.

तिथनं आणलेला क्लिपवाला यू बेंडचा तुकडा आणि त्याच्या शेजारी नीट वितळवून जोडलेला, उभा चिरलेला एक तुकडा मी दुकानात काउंटरवर ठेवलाय. आयटीआयच्या कुणा सरांना, पंचायतीतल्या कुणाला किंवा बोअर मारायच्या विचारात असणाऱ्या कुणालाही बघायचा असेल तर या. दुपारी २ ते ४ दुकान बंद असतं.

आपला,
एक एसी मेकॅनिक, शहापूर, बेळगाव